नाल्याच्या आवाजात पुन्हापुन्हा येणारी ‘टक्’: दोष ध्वनीत की नकाशात?

लँडलॅब या भूरूपांच्या संगणकीय साधनातून एखाद्या नाल्याचा माथ्यापासून मुखापर्यंतचा उतार काढला, त्याचा आवाज केला (उंच जागेला वरचा स्वर, खोल जागेला खालचा), आणि ऐकताना मधूनमधून ‘टक्, टक्’ येतंय, अशी तुमची तक्रार असेल तर हे तुमच्यासाठी आहे. मी हा त्रास तीन वर्षं काढला. एकदा गेला असं वाटायचं, आणि उंचीच्या नकाशाची नवी टाइल, म्हणजे नवा चौकोनी तुकडा, घेतली की परत हजर. पुढे लक्षात आलं की हा एक दोष नाहीच. कानाला सारखेच वाटणारे चार-पाच वेगवेगळे दोष आहेत आणि मी दर वेळी त्यातला एकच दुरुस्त करून थांबत होतो.

आधी एक कळकळीची विनंती. टक् ऐकू आली की पहिला मोह होतो तो प्रत्येक स्वराच्या दोन्ही टोकांना फेड लावून, म्हणजे आवाज हळूहळू चढवून-उतरवून, ती मिटवून टाकायचा, किंवा सगळ्या उंचीवर सरासरीचा रंधा फिरवायचा. तो मोह आवरा. मी काम करतो ते चंबळच्या बीहडावर, म्हणजे घळींनी चिरलेल्या जमिनीवर. बीहड पुढे सरकतो तो घळीच्या डोक्याशी. तिथे मातीची उभी भिंत असते, पावसाळ्यात ती ढासळते आणि घळ शेतात आणखी आत शिरते. ही भिंत उताराच्या आलेखात अचानक पडलेली पायरी दिसते आणि आवाजात झटकन उतरलेला स्वर म्हणून ऐकू येते. म्हणजे बीहडातली सगळ्यात महत्त्वाची गोष्टच ‘टक्’सारखी वाजते! सरसकट पुसलं तर खोट्याबरोबर खरंही जातं. म्हणून आधी ती टक् कुणाची आहे ते ठरवायचं, मग औषध.

माझी मांडणी थोडक्यात सांगतो, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. लँडलॅब ही भूरूपांचं प्रतिमान करण्यासाठीची पायथनमधली मुक्त लायब्ररी. कोलोराडो, टुलेन आणि वॉशिंग्टन या विद्यापीठांतल्या मंडळींनी ती उभी केली, २०१७ साली तिच्यावरचा मुख्य शोधनिबंध आला. तिच्यात जमिनीचं जाळं मांडायचं, फ्लो-अॅक्युम्युलेटर चालवून पाणी कुठून कुठे जातं ते काढायचं आणि चॅनल-प्रोफायलर वापरून एकेका नाल्याचे नोड, म्हणजे जाळ्यातले बिंदू, ओळीनं मिळवायचे. मी प्रत्येक नोडला पाव सेकंद देतो. नाल्याचं मुख म्हणजे खालचा सा, २२० हर्ट्झ, पेटीवरची पांढरी सहा. माथा म्हणजे दोन सप्तकं वर, ८८० हर्ट्झ. पाणलोट जितका मोठा तितका आवाज मोठा. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत लहर तयार करायची, सेकंदाला ४४,१०० नमुने, आणि वेव्ह फाइल लिहायची. यात अवघड काही नाही. घोळ होतात ते सगळे सांध्यांवर.

आत्यानं काय ऐकलं

आमच्या आत्यानं ग्वाल्हेरच्या लष्कर भागात चाळीस वर्षं गाणं शिकवलं. काचबिंदूनं तिची नजर गेली त्याला आता सहा वर्षं झाली. लहानपणी ती आगऱ्याला जाताना गाडीच्या खिडकीतून बीहड बघायची, त्याची आठवण अजून काढते. खरं सांगायचं तर हा आवाजाचा उद्योग मी तिच्यासाठीच सुरू केला. नकाशा तिला दाखवता येत नाही, ऐकवता तरी यावा.

पहिली फाइल मी तिला जेवणं झाल्यावर ऐकवली. खुर्चीत बसून ती मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होती. मध्येच हात थांबला.

“इथं धबधबा आहे का रे?”

“नाही आत्या. सपाट शेत आहे तिथं.”

“मग स्वर एवढा आपटला कसा? आणि लगेच वर कसा आला? पाणी वर चढतं होय?” परत लावायला सांगितलं, परत ऐकलं. “आणि ही बारीक टकटक वेगळी आहे हं. ही मात्रेवर आहे, एकही चुकत नाही. तो मोठा ठोका एकटाच आहे. दोन्ही एक समजू नकोस.”

मी तोवर दोन्ही एकच समजत होतो. तिच्या कानावर विश्वास ठेवून दोन्ही सुटे केले आणि तिथून सगळं उलगडत गेलं. तिला जी जागा ‘धबधबा’ म्हणून ऐकू आली ती आवाजावर विसंबणाऱ्या माणसासाठी खरीच जमीन असते. नकाशा बघणारा निदान नजरेनं शंका घेतो. ऐकणाऱ्याला तेवढीही सोय नाही. त्यामुळे हे दोष मला किरकोळ वाटत नाहीत.

दोन चाचण्या, याच क्रमानं

पहिली: नकाशा पूर्ण बाजूला ठेवा. तीनशे नोडांचा एक खोटा, सरळ उतार बनवा, १७० मीटरपासून १२० पर्यंत, प्रत्येक पाऊल सारखं. तो त्याच ध्वनीच्या कोडमधून काढा. या उतारात टक् यायला काहीच कारण नाही. तरीही आली तर दोष शंभर टक्के ध्वनीच्या बाजूला आहे, उंचीच्या फाइलींना हात लावू नका.

दुसरी: सरळ उतार स्वच्छ वाजला की खरा नाला उलटा वाजवा, मुखाकडून माथ्याकडे. पंधराव्या सेकंदाला येणारी टक् आता शेवटून पंधराव्या सेकंदाला गेली तर ती नकाशातल्या एका ठराविक नोडची आहे. त्या नोडचा क्रमांक लिहून ठेवा. नोडांच्या क्रमांकांची अशी यादी हाताशी असली की अर्धं काम झालं.

माझ्याकडे पहिल्याच चाचणीत टकटक आली. आत्याची ‘मात्रेवरची’ ती हीच.

मात्रेवरची टकटक: तुटलेली लहर

आपण प्रत्येक नोडसाठी वेगळी साइन लहर बनवतो आणि तुकडे एकापुढे एक जोडतो. प्रत्येक तुकड्याचा काळ शून्यापासून सुरू होतो, म्हणजे प्रत्येक लहर शून्यावरून निघते. पण आधीची लहर कुठे संपली? २२० हर्ट्झची लहर पाव सेकंदात ५५ फेरे घेते, बरोबर शून्यावर संपते, जोड कळत नाही. २२४ची ५६ फेरे घेते, तीही बिनघोर. पण २२१ची लहर ५५ फेरे आणि वर पाव फेरा घेते, म्हणजे ती अगदी शिखरावर असताना कापली जाते आणि पुढची शून्यावरून सुरू होते. स्पीकरच्या पडद्याला शिखरावरून एका नमुन्यात शून्यावर उडी मारावी लागते, म्हणजे एका सेकंदाच्या ४४,१००व्या भागात. तीच टक्.

म्हणूनच ही टकटक काही नोडांवर जोरात, काही ठिकाणी पुसट आणि काही ठिकाणी अजिबात नाही, अशी येते आणि आपण गोंधळतो. एका हर्ट्झचा फरक पुरतो. आपल्याला वाटतं उंचीत काहीतरी आहे. उंचीचा तिथे काही संबंध नसतो.

उपाय: तुकडे बनवूच नका. नोडांच्या उंचीवरून आधी कंपनसंख्या काढा, ती प्रत्येक नमुन्यासाठी मधल्या मधल्या किमती भरून पसरवा, मग प्रत्येक नमुन्याला फेज, म्हणजे लहरीची फेऱ्यातली जागा, किती पुढे सरकते ते काढून त्याची धावती बेरीज करा, नमपायमधलं कमसम. त्या बेरजेची एकदाच साइन घ्या. लहर मुखापर्यंत अखंड राहते. हे ऐकवलं तेव्हा आत्या म्हणाली, “आता मींड आली. आधी प्रत्येक स्वराला श्वास तोडत होतास.” मला यापेक्षा नेमकं सांगता येणार नाही.

सुटे सुटे स्वरच हवे असतील, म्हणजे प्रत्येक नोड वेगळा मोजता यावा असं वाटत असेल, तर मात्र प्रत्येक स्वराला पाच ते दहा मिलिसेकंदांची चढ-उतार द्या. सरळ उताराची चाचणी झाल्यावर, आधी नाही.

मिडी, म्हणजे लहरीऐवजी वाद्याला स्वरांचे क्रमांक पाठवायची पद्धत, वापरणाऱ्यांना ही टकटक सहसा येत नाही, पण त्यांची अडचण वेगळी. मिडीत ० ते १२७ इतकेच स्वर. पन्नास मीटरची उंची दोन सप्तकांत बसवली तर दोन मीटरला एक स्वर पडतो. उंची दोन स्वरांच्या सीमेवर रेंगाळली की आवाज वरखाली हेलकावत राहतो आणि नाला थरथरतोय असं वाटतं. पिच-बेंड वापरा, नाहीतर मिडी सोडून सरळ लहर बनवा. माझं मत दुसऱ्या वाटेचं.

मुखाजवळची करकर

ही पटकन सांगतो. फक्त मोठ्या आवाजाच्या भागात, म्हणजे नाला चंबळला मिळायच्या सुमारास, कागद फाटल्यासारखी करकर येत असेल तर तो आकड्यांचा ओव्हरफ्लो. सोळा बिटांच्या फाइलीत सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७. मी खाली तंबोऱ्याचा सा धरला होता, त्यात नाल्याचा आवाज मिळवला, बेरीज त्याच्या पलीकडे गेली आणि आकडा थेट उणे बत्तीस हजारांत उलटला. बेरजा दशांशात करा, सगळ्यात शेवटी सोळा बिटांत आणा. मात्र प्रत्येक फाइल तिच्याच कमाल आवाजानं भागू नका. तसं केलं तर छोटी घळ आणि मोठा नाला सारखेच मोठे वाजतात आणि पाणलोटाचा अर्थच जातो. सगळ्या नाल्यांसाठी एकच भाजक ठरवा.

एकताल ऐकू आला तर

ध्वनीची बाजू साफ झाली, सरळ उतार एकदम निर्मळ वाजला. खऱ्या नाल्यावर मोठा ठोका अजून होताच, तो अपेक्षित होता. पण एका टप्प्यात, नाला बराच वेळ सरळ पश्चिमेकडे वाहतो तिथे, आत्याला आणखी काही ऐकू आलं. “दर बाराव्या मात्रेला जरा जोर पडतोय. एकतालाची सम यावी तसा. पण सम सरकतेय, कधी अकराव्याला, कधी तेराव्याला.”

नियमित आहे म्हणजे यंत्राचं, असं मी आधी धरून चाललो होतो. इथे ते चुकलं, कारण हा ठोका नियमित असूनही नकाशातला होता.

अंतराळयानातून २००० सालच्या फेब्रुवारीत अकरा दिवसांत मोजलेला एसआरटीएमचा उंचीचा नकाशा अंशांत असतो, त्याचा एक सेल (एक चौकोन) म्हणजे एक विकला, अंशाचा ३,६००वा भाग. माझ्या कामाचा भाग, चंबळजवळचं मुरैना, २६.५ अक्षांशाच्या आसपास. तिथे एक विकला उत्तर-दक्षिण सुमारे ३०.८ मीटर भरते, पण पूर्व-पश्चिम सुमारे २७.७ मीटरच. आपण ते ३० मीटरच्या चौरस सेलमध्ये बसवतो, यालाच प्रक्षेपित करणं म्हणतात. त्यासाठी ‘जवळचा शेजारी’ ही पद्धत निवडलेली राहिली, आणि बऱ्याच ठिकाणी तीच आपोआप निवडलेली असते, तर मधल्या किमती काढल्या जात नाहीत. जवळच्या सेलची उंची जशीच्या तशी उचलली जाते. २७.७चे सेल ३०च्या पावलांनी उचलत गेलं की साधारण दर बाराव्या पावलाला एक सेल गाळला जातो. तिथे दोन पावलांचा उतार एका पावलात येतो. तोच आत्याचा ‘जोर’. उत्तर-दक्षिण दिशेला उलट होतं, दर चाळिसेक सेलमागे एक सेल दोनदा येतो आणि स्वर क्षणभर अडतो.

उपाय एका शब्दाचा: उंचीचा नकाशा प्रक्षेपित करताना बायलिनियर किंवा क्युबिक, म्हणजे शेजारच्या सेलांवरून मधली किंमत काढणारी पद्धत, निवडा. ‘जवळचा शेजारी’ जमिनीच्या वापरासारख्या वर्गांच्या नकाशांसाठी ठीक आहे, उंचीसाठी नाही.

आणि प्रक्षेपित न करता अंशांतलाच नकाशा लँडलॅबला देत असाल तर तो आधी थांबवा. सेलचं अंतर ०.०००२७८ असं जातं, उंची मीटरमध्ये, आणि पाच मीटरच्या फरकाला उतार अठरा हजार येतो. धूप काढणारा कुठलाही घटक अशा उतारावर वेडावाकडा वागणारच.

मोठा ठोका: ७८ रेखांशाची शिवण

ग्वाल्हेर-मुरैना भागात काम करणाऱ्या प्रत्येकाला हा कधी ना कधी भेटतो, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

७८ पूर्व रेखांश मुरैना शहराच्या अगदी जवळून जातो. या रेषेवर दोन गोष्टी एकदम घडतात. एसआरटीएमची एक टाइल इथे संपते, दुसरी सुरू होते. आणि यूटीएमचा, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये स्थान सांगणाऱ्या पद्धतीचा, ४३वा पट्टा संपून ४४वा लागतो. धौलपूर ४३मध्ये, ग्वाल्हेर ४४मध्ये. याच रेषेवर मुरैनाच्या जमिनीचा पूर्वांक, म्हणजे पूर्व-पश्चिम स्थानाचा आकडा, एका पट्ट्यात सुमारे ७९९ किलोमीटर येतो आणि दुसऱ्यात २०१. सहाशे किलोमीटरचा फरक! क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर दोन्ही टाइली पडद्यावर नीट शेजारी मांडून दाखवतं, कारण ते चालता चालता प्रक्षेपण बदलतं. त्यामुळे डोळ्यांना सगळं जुळलेलं दिसतं आणि चूक लपते.

मी काय केलं होतं? प्रत्येक टाइल ‘तिच्या योग्य’ पट्ट्यात प्रक्षेपित केली. मग जोडता येईना म्हणून एक टाइल पुन्हा दुसऱ्या पट्ट्यात नेली. दोनदा प्रक्षेपण. कडा तिरक्या झाल्या आणि शिवणीवर एखाद्या सेलची दातेरी फट राहिली. फटीत रिकाम्या जागेचा आकडा, उणे ३२,७६८. तो ‘रिकामं’ म्हणून जाहीर केलेला नव्हता, म्हणून बायलिनियरनं त्याला खरी उंची समजून शेजाऱ्यांत मिसळला.

इथली मेख बघा. पूर्ण उणे ३२,७६८ आला असता तर लगेच सापडला असता. पण मिसळताना त्याचा वाटा हजारात तीन इतकाच पडला, तरी १५० मीटरची जमीन ५१ मीटर होते. ५१ हा आकडा अगदी सभ्य दिसतो. शून्याखाली काही आहे का, ही नेहमीची तपासणी तो सहज चुकवतो. आत्याला ऐकू आलेला धबधबा हाच. स्वर ५१ मीटरवर आपटला आणि पुढच्या सेलला परत वर आला, म्हणून तिनं विचारलं की पाणी वर चढतं का.

कधी हाच दोष अगदी वेगळ्या रूपात येतो. सगळा नाला एकाच स्वरात वाजतो, मींड नाही, चढउतार नाही. तेव्हा बहुधा किमान उंची तुम्ही पूर्ण जाळ्यावरून काढलेली असते आणि त्यात कुठेतरी उणे ९,९९९, रिकाम्या जागेचा दुसरा नेहमीचा आकडा, दडलेला असतो. दहा हजारांच्या पट्टीत नाल्याचे पन्नास मीटर म्हणजे अर्धस्वराचा आठवा भागसुद्धा नाही. लँडलॅबमध्ये रिकामे नोड बंद करण्याची सोय आहे, ती वापराच, पण नोड बंद केला तरी त्यातला आकडा जागेवरच असतो. किमान आणि कमाल फक्त नाल्याच्या नोडांवरून घ्या.

शिवणीचा पक्का उपाय क्रमानं असा. टाइली अंशांत असतानाच जोडा. एसआरटीएमच्या एक विकलेच्या टाइलीत ३,६०१ ओळी आणि तितकेच स्तंभ असतात, कडेचा स्तंभ दोन्ही टाइलींत सामाईक. नमपायमध्ये हातानं नुसत्या शेजारी चिकटवल्या तर तो स्तंभ दोनदा येतो, म्हणून जीडॅल या नकाशे हाताळणाऱ्या साधनाचं मोझेक वापरा, ते स्थान बघून जोडतं. मग उणे ३२,७६८ रिकामं म्हणून जाहीर करा. रिकाम्या जागा भरा. आणि सगळ्यात शेवटी, एकदाच, एकाच पट्ट्यात प्रक्षेपित करा. कुठल्या पट्ट्यात, यावर आमच्याकडे बराच खल झाला. मी ४४ घेतो, कारण माझे बहुतेक नाले त्या बाजूला आहेत. पट्ट्याच्या काठावर अंतरात येणारी चूक किलोमीटरमागे पाऊण मीटरही नाही. तीस मीटरच्या सेलपुढे ती काहीच नाही. कुठलाही एक धरा, मात्र दोन धरू नका.

तपासायला शिवणीच्या दोन्ही बाजूंच्या स्तंभांची वजाबाकी करून बघा. हिलशेड (उन्हाच्या सावल्या दाखवणारा नकाशा) केला तर ७८ रेखांशावर दोरा ओढल्यासारखी रेघ दिसता कामा नये.

नाला मध्येच संपतो किंवा चढतो

हे टक् म्हणून येत नाही, पण टक्च्या पाठोपाठ येतं. उंचीच्या नकाशात खळगे असतात, काही खरे, बरेचसे मोजणीतल्या चुकांचे. पाणी खळग्यात शिरलं की फ्लो-अॅक्युम्युलेटर तिथेच थांबतो आणि आवाज अर्ध्यावर तुटतो. लँडलॅबचा डिप्रेशन-फाइंडर जोडला की पाणी खळगा ओलांडून पुढे जातं, मात्र उंची तीच राहते, म्हणून स्वर खाली जाऊन वर येतो. ग्रास जीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधलं आर-डॉट-वॉटरशेड खळगे न बुजवताच वाट काढतं, तिथेही ऐकताना हेच होईल.

आमच्या भागात सगळ्यात मोठे खळगे बांधामागे सापडतात. आगऱ्याकडे जाणारा रेल्वेचा भराव आणि महामार्गाचा भराव वरून बघितल्यावर अखंड धरणासारखे दिसतात. खालची मोरी उपग्रहाला दिसत नाही. मग नाला भरावामागे साचतो. खळगा बुजवला तर भरावामागचा सगळा भाग एका पातळीचा तलाव होतो, ऐकताना एकच लांब स्वर आणि मग धाडकन खाली. मला बीहडासाठी बुजवणं मान्य नाही, कारण त्यात अरुंद घळींचे तळही सपाट होतात. त्यापेक्षा भराव फोडा, म्हणजे मोरी असते तिथून उंचीला वाट करून द्या. व्हाइटबॉक्सटूल्स या साधनसंचात कमीत कमी खोदाईत वाट काढणारं साधन आहे, ते चांगलं काम करतं. फोडलेल्या सेलची यादी मात्र जपून ठेवा, कारण तिथला स्वर जमिनीचा नाही, तुमचा आहे.

उत्तरेकडे वाहणारा नाला दक्षिणेकडे वाहतोय असं दिसलं तर फाइल उलटी वाचली गेली आहे. लँडलॅबचे नोड खालच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजले जातात, ईएसआरआय अॅस्की फाइल, म्हणजे उंचीचे आकडे साध्या मजकुरात असलेली फाइल, वरच्या ओळीपासून लिहिलेली असते. लँडलॅबचा स्वतःचा वाचक हे सांभाळतो. हातानं वाचलीत तर ओळी उलटवा.

राहता राहिल्या बारीक पायऱ्या. एसआरटीएमची उंची पूर्ण मीटरमध्ये असते. चंबळच्या काठच्या सपाटीवर उतार इतका मंद की पंचवीस-तीस सेल एकाच उंचीचे आणि मग एक मीटरची पायरी. हा नदीचा स्वभाव नाही, आकडे पूर्णांकात लिहिल्याचा परिणाम आहे. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचा तीस मीटरचा नकाशा दशांशात मिळतो, मी आता तोच मुख्य धरतो आणि एसआरटीएम पडताळ्याला ठेवतो. दोन वेगळ्या यानांनी, दहा-पंधरा वर्षांच्या अंतरानं मोजलेल्या नकाशांत एकच पायरी एकाच जागी असेल तर तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

एक टक् उरली

हे सगळं केल्यावर त्या नाल्यात एकच ठोका शिल्लक राहिला. सरळ उतारात नव्हता. उलटं वाजवल्यावर जागा बदलली. शिवणीपासून दूर, भरावापासून दूर, मी फोडलेल्या यादीत नाही. दोन्ही नकाशांत होता. एका सेलवरून पुढच्या सेलवर जाताना सहा मीटर उतार.

डिसेंबरात एका सकाळी मोटारसायकलनं तिथे गेलो. मोहरी फुलली होती. शेताची पाळ पायाखालून सरळ गेली आणि एकदम संपली. समोर मातीची उभी भिंत, दोन पुरुष खोल, आणि तिच्या पायथ्यापासून पुढे तीव्र उताराची घळ. भिंतीच्या कडेला एका बाभळीची अर्धी मुळं उघडी पडून हवेत लोंबत होती. मोहरीच्या दोन ओळी कड्यावरून खाली गेलेल्या, खाली पडलेल्या ढेकळांत अजून पिवळी फुलं दिसत होती. ढेकळं ओली होती, म्हणजे पडझड ताजी होती. तीस मीटरच्या सेलमध्ये ही भिंत आणि खालचा उतार मिळून सहा मीटर भरत असणार. कोवळ्या अरुंद घळी या नकाशाला दिसतच नाहीत, ही दिसली कारण मोठी आहे.

संध्याकाळी आत्याला सगळं सांगितलं. बाभळीच्या मुळांबद्दल तिनं दोनदा विचारलं. मग म्हणाली, “तो ठोका कुठे येतो ते मला सांगू नकोस. नुसतं लाव.”

लावलं. सदतिसाव्या सेकंदाला तिचा हात मांडीवर थांबला.

तो नोड १४८वा आहे. त्याच्यावर फेड नाही, सरासरी नाही. मधल्या किमती भरताना तेवढ्या एका जागी मींड काढून स्वर सरळ उतरवला आहे, लहर मात्र अखंड ठेवून. तुमच्या यादीत असा नोड निघाला तर त्याचा क्रमांक आणि अक्षांश-रेखांश कोडमध्येच शेजारी लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी नवी टाइल जोडताना तुम्हीच त्याला दोष समजून काढून टाकाल. मी एकदा काढला होता.